फिटरचाचांचं आतडं

नव्वदी ओलांडलेला माणूस हा आपल्या शहराचा जिवंत ग्रंथ असतो, आणि दीर्घायुष्य ही त्याने जन्मभर पाळलेल्या संयमाची पावती असते. हे वाक्य माझं आहे. यवतमाळच्या एका सभागृहात, ज्येष्ठ नागरिकांच्या सत्कारात, शाल-श्रीफळांच्या टेबलामागे उभं राहून मी ते योग्य त्या ठिकाणी थांबत म्हटलं होतं. टाळ्या पडल्या. मी समाधानाने उजवीकडे पाहिलं, तर मधली खुर्ची रिकामी होती. जिवंत ग्रंथ संडासाला गेला होता. कार्यक्रम सुरू झाल्यापासून तिसऱ्यांदा.

ती खुर्ची माझ्या शेजाऱ्यांची होती. वय एक्क्याण्णव. एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात त्यांनी सारा जन्म फिटर म्हणून काढला होता, त्यामुळे अख्खा मोहल्ला त्यांना फिटरचाचा म्हणे. मी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होतो. ग्रंथपालाने कपाटातलं सगळं वाचलेलं असतं असा आमच्याकडे समज आहे आणि मी तो कधी दुरुस्त केला नाही. म्हणून सत्कार कोणाचाही असला तरी भाषण बहुधा माझ्याकडे येई.

ती कापसाची वाईट वर्षं होती. शेतात काहीही होवो, आमच्या जिल्ह्यात बाहेरून येणाऱ्या गाड्यांचं पीक मात्र दर हंगामात चांगलं येत होतं. समित्या येत, पथकं येत, वार्ताहर येत, आणि त्यातले काही संदर्भासाठी वाचनालयात येत. इथली माणसं कशी मरतात हे त्यांना माझ्याकडून हवं असे. इथली माणसं कशी जगतात हे कोणी विचारलं नाही. मीही आपणहून सांगितलं नाही, कारण मलाही ते नीटसं माहीत नव्हतं. भिंतीपलीकडे एक्क्याण्णव वर्षांचा माणूस राहत होता, आणि तो सकाळी काय खातो याची मला कल्पना नव्हती. तो सत्कारही त्याच दिवसांतला. जिल्ह्यात काहीतरी आनंदाचं व्हावं असं कोणाला तरी वाटलं होतं.

चाचांचं पोट पावसाळ्याच्या शेवटी बिघडलं होतं. आधी छातीत कफ भरला. त्यासाठी जबरदस्त अँटिबायोटिक्स दिली गेली, ती पुरेनात म्हणून दुसरी. छाती साफ झाली आणि पोट सुटलं. दिवसाला पाच खेपा, कधी सहा. तपासण्या झाल्या, त्यात भयंकर असं काही निघालं नाही. पण सदऱ्याची कॉलर त्यांच्या मानेभोवती सैल फिरायला लागली. हाडापेराचा मोठा माणूस. वजन उतरलं तसे त्यांचे हातच तेवढे मोठे दिसू लागले, दुसऱ्या कोणाचे उसने आणल्यासारखे.

एवढ्यावर त्यांनी सोडून दिलं असतं. म्हातारपणी काहीतरी गळायचंच, आधी दात गळले, आता हे, असं ते म्हणत. पण पुसदला त्यांच्या मुलीची मुलगी लग्नाला आली होती. तिचे वडील ती लहान असतानाच गेले होते. निकाहच्या वेळी नवरीची संमती विचारायला एक वडीलधारा माणूस तिच्याकडे जातो, त्याला वकील म्हणतात. तिने फोनवर आईच्या हातातून रिसिव्हर घेऊन सांगून टाकलं होतं, की विचारायला नाना, आईचे अब्बा, आले तरच मी कबूल म्हणेन, दुसरा कोणी आला तर म्हणणार नाही. हसत म्हणाली होती. चाचा हसले नव्हते. त्यांनी हो म्हटलं होतं, आणि चाचांच्या घरात त्यांच्या होकाराला किंमत होती.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी बैठक बसली. शेजारी म्हणून मीही चहाला होतो. त्यांचा मुलगा मोटार वाइंडिंगचं दुकान चालवतो, तो स्वतः साठीचा. त्याचं म्हणणं सरळ होतं. स्टेजवर पाऊण तासात तीनदा उठावं लागलं, पुसद तीन तासांवर आहे. लग्नात सगळ्यांसमोर निकाह अडवून उठावं लागलं तर अब्बांनाच लाज वाटेल. त्यांनी इथूनच दुआ द्यावी. लग्नाला सात आठवडे होते.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बापू, तुह्या भाषणात मी किती वेळ बसलो?"

पहिल्या दोन मिनिटांना होतात, मी म्हणालो.

"तेवढं पुरते," ते म्हणाले. "तिथं तीनच सवाल इचाराचे हायेत."

डॉक्टरीणबाईंकडे त्यांना रिक्षातून मी घेऊन जात असे, कारण मुलाला दुकान सोडता येत नसे आणि माझ्या वाचनालयाला दुपारी वाचक नसत. बाई तरुण, थकलेल्या, आणि कमी बोलणाऱ्या. त्यांनी एका कागदाच्या पाठीवर पोट काढलं आणि समजावलं. आतड्याच्या आत एक अस्तर असतं, फार पातळ. त्यावर बुळबुळीत थर. अन्नातलं जे हवं ते रक्तात सोडायचं आणि नको ते बाहेर अडवायचं, हे त्या अस्तराचं काम. वय वाढलं की ते हळू दुरुस्त होतं. त्यात औषधांनी छातीतले जंतू मारले तसे पोटातले कामाचे जंतूही मारले. "आणि गुडघ्यासाठी तुम्ही रोज कोणती गोळी घेता?" चाचांनी नाव सांगितलं. मेडिकलवाल्याने दिलेली, चार वर्षं चालू होती. बाई म्हणाल्या, ती अस्तराला ओरखडे काढते, ती आधी बंद.

चाचा डोळे मिटून ऐकत होते. मी समजलो झोपले. मग म्हणाले, "म्हंजे रोलर अन् सुरीमंधलं अंतर बिघडलं."

ते मग मी बाईंना समजावून सांगितलं. आमच्याकडच्या जिनमध्ये चामड्याचा रोलर फिरतो आणि त्याला लागून लोखंडाची सुरी असते. त्या दोघांमधून रुई ओढली जाते. सरकी मावत नाही, म्हणून ती खाली पडते. अंतर बिघडलं की सरकी फुटते, तिचे तुकडे रुईत जातात आणि अख्खी गाठ डागळते. चाचा जन्मभर ते अंतर सांभाळत आले होते. बाईंनी जरा विचार केला. म्हणाल्या, जवळपास तसंच. मग प्रामाणिकपणे हेही म्हणाल्या की या विषयावर हल्ली जेवढं बोललं जातं त्यातलं बरंचसं अजून नक्की ठरलेलं नाही, आणि जे ठरलेलं नाही तेच डब्यात भरून विकतात. त्या वाक्यानंतर माझा त्यांच्याबद्दलचा आदर वाढला तो आजतागायत कमी झालेला नाही.

डब्याचा उल्लेख त्यांनी उगाच केला नव्हता. चाचांच्या एका पुतण्याने तसा डबा आणून दिला होता. त्यावर ढाल होती, ढालीवर सिंह होता, आणि आत व्हॅनिलाच्या वासाची पावडर होती. सोबतचं पत्रक मी धंद्याच्या सवयीने पूर्ण वाचलं. त्यात 'संशोधन' हा शब्द चार ठिकाणी होता आणि संशोधकाचा पत्ता एकाही ठिकाणी नव्हता. चाचांनी सिंहाकडे पाहिलं आणि विचारलं, हा काय खाते? पुढे त्या डब्यात त्यांच्या सुनेने मोहरी भरली.

त्यानंतर चाचांनी जी चूक केली ती फक्त फिटरच करू शकतो. त्यांनी दुरुस्तीसाठी कारखाना बंद केला.

तांदळाची पातळ पेज, साबुदाण्याचं पाणी, कोरा चहा. बाकी सगळं बंद. पोटात काही घालायचंच नाही म्हणजे अस्तराला आराम मिळेल, असा हिशोब. मलाही तो पटला, हे कबूल करतो. चार पुस्तकं चाळूनही माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नव्हतं. खेपा सहावरून चारवर आल्या, मग दोनवर, मग एक. नवव्या दिवशी चाचा दारात खुर्ची टाकून जिंकल्यासारखे बसले होते. दहाव्या दिवशी सकाळी नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूसाठी, भरलेला लोटा त्यांना उचलता आला नाही. त्यांनी दोन्ही हात लावले. लोटा जागचा हलला नाही. त्यांनी कोणाला हाक मारली नाही. सून मागून आली तेव्हा ते त्या लोट्याकडे नुसते पाहत बसले होते.

डॉक्टरीणबाई रागावल्या. "बाबा, तुम्ही स्वतःला उपाशी ठेवलंत."

"दुरुस्तीले मशीन बंद कराच लागते, बाई."

"हे मशीन बंद होत नाही. त्याचं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं तयार होतं. तुम्ही त्याचा मालच बंद केलात. शिवाय खालच्या आतड्याला पोटातले जंतू पोसतात, आणि त्या जंतूंना कोंडा लागतो, चोथा लागतो. साबुदाण्यात काय आहे?"

परतीच्या रिक्षात, आर्णी नाक्याशी, चाचा म्हणाले, "पट्टा चालू असताना हात घालाचा नाही. हे मी साऱ्या कारखान्याले शिकवलं. तिघाइची बोटं वाचवली. आता एक्याण्णव्या वर्षी मले हे उलटं शिकवून राह्यली ते." त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. "चालू मशीनची दुरुस्ती. मालकानं कधी करू देल्ली नसती."

त्या संध्याकाळी त्यांनी ठरवलं की लहानपणी आई देत असे ते खायचं: ज्वारीच्या कण्या आणि ताक. ज्वारी जाडीभरडी फोडून, भिजवून, मऊ शिजवायची आणि वर ताजं ताक. बाईंनी होकार दिला, फक्त चार चमच्यांपासून सुरू करा म्हणाल्या, आणि सोबत डाळ, अंडं, काहीतरी अंगात मांस धरणारं हवंच.

आमच्याकडे ज्वारी मिळणं सोपं असेल असं बाहेरच्याला वाटेल. त्या वर्षांत तसं नव्हतं. गावागावांतून ज्वारीची वावरं कापसाने आणि सोयाबीनने खाल्ली होती. आठवडी बाजारात जी होती ती बाहेरून आलेली, पांढरी, टपोरी. चाचांनी मूठभर नाकाशी नेली आणि परत ठेवली. शेवटी वांगी विकायला बसलेला तांड्यावरचा एक शेतकरी म्हणाला, घरी खायला म्हणून त्याने धुऱ्याला, बांधालगत, चार तासं म्हणजे चार ओळी गावरान ज्वारी पेरली होती, त्यातली उरली आहे. कायले पाह्यजे, त्याने विचारलं. चाचांनी भर बाजारात, आवाज जरासाही खाली न करता, सगळं सांगितलं. खेपांच्या आकड्यासह. आजूबाजूच्या तिघी बाया भाजी निवडायची थांबल्या. पुढच्या बाजाराला त्या माणसाने दोन पायल्या आणल्या. त्याने पैसे घेतले. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा आठवणींत ते न घेण्याची पद्धत आहे.

मग चक्की. चक्कीवाला नाही म्हणाला. दगड बारीक पिठावर बसवलेला, वीज दिवसातून मोजके तास, गिऱ्हाइकांचे डबे रांगेत. दोन पायल्यांच्या कण्यांसाठी कोण दगड हलवणार? चाचांनी वाद घातला नाही. एक खुर्ची मागितली आणि चक्कीला लागून बसले. "चालू कर," म्हणाले. चक्की फिरायला लागली. त्यांनी आपला तो मोठा हात तिच्या लाकडी पेटीवर ठेवला, डॉक्टर छातीवर ठेवतात तसा.

"अर्धा आटा उलटा फिरव."

चक्कीवाल्याने दगडांमधलं अंतर ठरवणारं वरचं चाक अर्धा आटा, म्हणजे अर्धा फेरा, उलटं फिरवलं. आवाज बदलला. मला तो बदलला एवढंच कळलं.

"आजून जरासक. हां. थांब."

पहिली मूठ पिठूळ आली. दुसरी रव्यासारखी. तिसरी मूठ त्यांनी तळहातावर घेऊन फुंकली; कोंडा थोडा उडाला, थोडा राहिला. दाणा तीन तुकड्यांत फुटला होता, आणि सगळे तुकडे सारखे होते. चाचांनी मान हलवली. चक्कीवाला वीस वर्षं ती चक्की चालवत होता. त्याने चाचांना एवढंच विचारलं, पट्टा सारखा घसरते तो पाहून द्याल काय. चाचांनी तोही पाहिला. माझं वाचन बऱ्यापैकी आहे, आणि ज्ञान म्हणजे काय यावरची जाड पुस्तकं मी हाताळलेली आहेत. पण तो हात त्या पेटीवर पाहिल्यापासून त्या पुस्तकांचा माझ्या मनातला आब थोडा उतरला आहे.

पुढचे आठवडे चाचांनी जिन चालवल्यासारखे चालवले. चार चमचे कण्या तीन दिवस. मग सहा. मग मुगाच्या डाळीचं पाणी, मग डाळ. मग अंडं, मग दुधी, मग दोडका. नवी वस्तू तीन दिवसांतून एकच, म्हणजे बिघाड झाला तर कशाने झाला ते कळावं. सकाळी आणि संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत काठीने चालणं. आणि नोंद खडूने, दाराच्या आतल्या बाजूला, कारण कारखान्यात ते दुरुस्तीची नोंद खडूने मशीनच्या लोखंडावरच करत. उभी रेघ म्हणजे खेप. आडवी म्हणजे नवी वस्तू.

सुनेला ते दार आवडत नव्हतं. तिने ते मला कुंपणावरून सांगितलं. "भाऊ, पाहुणा आला का पहिले दरवाजा वाचते. साऱ्या मोहल्ल्याले समजते आज अब्बा किती खेपा गेले." पण ती ते पुसतही नव्हती. आठवड्यातून एकदा फडकं मारायची तेव्हा रेघा सोडून बाकीचं दार पुसायची.

खरा अडथळा आतड्याचा नव्हता, पाहुण्यांचा होता. आजारी म्हाताऱ्याला भेटायला जाताना आमच्याकडे कोणी रिकाम्या हाताने जात नाही. जिलेबी येई, क्रीमची बिस्किटं येत, कोणी घरचा शिरा आणी. आणि आणणारा नुसता ठेवून जात नाही. चाचांनी एक घास खाल्लेला पाहिल्याशिवाय उठत नाही. चाचांनी जन्मात कोणाच्या हातचं परत केलं नव्हतं. ते म्हणाले, नाही म्हणणं जमत नाही, पण आग्रह करणं तर जमते. पाहुणा आला की त्याने आणलेलं त्यालाच वाढायचं. आणखी घ्या, माझी शपथ, एवढ्या दुरून आले तुम्ही. एक्क्याण्णव वर्षांच्या माणसाच्या शपथेपुढे कोणाचं चालत नाही. पाहुणा स्वतः आणलेली पाव किलो जिलेबी खाऊन, तृप्त आणि जरा गोंधळलेला, निघून जाई. उरलेलं कुंपणावरून माझ्याकडे येई. मीही नाही म्हणत नसे.

पाचव्या आठवड्यात दारावर दिवसाला एकच रेघ दिसू लागली, कधी दोन. कॉलर अजून सैल होती, पण लोटा उचलला जात होता. चाचांनी ट्रायल घ्यायची ठरवली. दुरुस्त मशीन लगेच हंगामाला लावत नाहीत. आधी रिकामं, मग थोड्या मालावर चालवून पाहतात. पहिली ट्रायल रिक्षाने लोहाऱ्यापर्यंत. औद्योगिक वसाहतीच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर आम्ही अर्धा तास बसलो. फाटकाकडे पाहत ते म्हणाले, इथं कोनती मशीन चालू हाय अन् कोनती बंद, आवाजावरून सांगतो. आणि सांगत बसले. बंद जास्त होत्या. पोट शांत होतं. दुसरी ट्रायल एसटीने दारव्ह्यापर्यंत. तीही निभली. दारव्ह्याच्या स्टँडवरचा संडास त्यांनी बाहेरूनच पाहिला आणि म्हणाले, लागली नाही ते बरं झालं.

लग्नाला अकरा दिवस असताना दारावर एका दिवसात पाच रेघा आल्या. दुसऱ्या दिवशी सहा.

सुनेने त्यांच्या सदऱ्याच्या खिशात गुडघ्याच्या गोळ्यांची पट्टी शोधून काढली. तीन गोळ्या कमी होत्या. चालणं वाढलं तसा गुडघा दुखू लागला होता, आणि एसटीची पायरी उंच असते. पुसदच्या मांडवात काठी न घेता जायचं त्यांच्या मनात होतं, म्हणून त्यांनी चोरून घेतल्या होत्या. मुलगा एवढंच म्हणाला की आता पक्कं झालं, जीप भाड्याने ठरली आहे, जागा आहे, पण अब्बा येणार नाहीत. मग त्यांचा चेहरा पाहून नरमला. बरं, जीपने चला, लागेल तिथे थांबवू.

चाचा म्हणाले, "ज्याले बाभळीमांगं उतराचं असन, त्यानं जीपनं जावं. मी एसटीनं जाईन. नाही तर जाणार नाही."

आणि उठून दाराशी गेले. त्या दोन दिवसांच्या रेघा त्यांनी पुसल्या असत्या तर मला त्यांचा राग आला नसता. त्यांनी त्या तशाच ठेवल्या आणि शेजारी खडूने एक छोटा गोल काढला. तो गोळीचा होता. बिघाड कशाने झाला ते पुढच्या फिटरला कळायला पाहिजे, असं ते म्हणाले.

पुन्हा चार चमच्यांपासून सुरुवात झाली. गुडघ्याला सून गरम वाळूच्या पुरचुंडीने शेकत असे. चाचा कण्या खाताना पूर्वीपेक्षा हळू खात, प्रत्येक घास मोजून ऐकल्यासारखा. लग्नाआधीचा आठवा दिवस, तीन रेघा. सहावा, दोन. चौथा, एक. तिसरा, एक. दुसरा, एक. घरची मंडळी आदल्या दिवशी जीपने गेली. जाताना मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, सकाळी दोन रेघा दिसल्या तर आणू नका. मी त्यांना समजवीन.

सकाळी सहाला मी गेलो तेव्हा दारावर एक रेघ होती आणि चाचा शेरवानी घालून बसले होते. शेरवानी दोन माणसांना पुरली असती. हातात कण्यांचा स्टीलचा डबा, खांद्याला ताकाची थर्मास. काठी त्यांनी घेतली होती.

एसटीत कंडक्टरने त्यांना पुढची सीट दिली. दारव्हा गेलं. दिग्रस गेलं. मी मनातल्या मनात खेड्यांची नावं मोजत होतो आणि ते खिडकीबाहेर कापसाची वावरं पाहत होते. एकदा एवढंच म्हणाले की बोंडं छोटी हायेत यंदा.

मांडवात काजीसाहेबांना उशीर झाला. ते येईपर्यंत स्थानिक एका पुढाऱ्याने जुन्या पिढीवर भाषण केलं. त्यात जिवंत ग्रंथ नव्हता, पण वटवृक्ष होता. चाचा मधल्या खुर्चीवर बसले होते. मी त्यांच्या खुर्चीवरची नजर काढली नाही, आणि त्यांचा मुलगाही मांडवाच्या दुसऱ्या टोकाकडून तिकडेच पाहत होता. भाषण संपलं. खुर्ची भरलेली होती.

मग ते दोन साक्षीदारांसह आत गेले. दाराशी बाया बाजूला झाल्या. मी उंबऱ्याबाहेरच थांबलो, पण त्यांचा आवाज ऐकू येत होता. नवऱ्या मुलाचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, मेहरची रक्कम, आणि सवाल. आत शांत. दुसऱ्यांदा तेच, त्याच ठेक्यात. आत कोणीतरी हुंदका दाबला. तिसऱ्यांदा ते शेवटाकडे जरा थांबले, आणि मला वाटून गेलं, उठावं लागतं की काय. त्यांनी सवाल पूर्ण केला. कबूल है, मुलगी म्हणाली, इतक्या हळू की साक्षीदारांपैकी एकाने कानामागे हात धरला. चाचांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी ऐकलं होतं.

नंतर मी त्यांना विचारलं, तिसऱ्या वेळी थांबला होतात काहून?

"ते माह्यासारखी दिसते," ते म्हणाले. "इतक्या जवळून कधी पाह्यली नव्हती."

दावतीत बिर्याणी होती, कबाब होते, शाही तुकडा होता. चाचांनी आपला डबा उघडला. यजमानांनी, पाहुण्यांनी, पुढाऱ्यानेही आग्रह केला. चाचांनी प्रत्येकाला उलट आग्रह केला आणि ताटं माझ्याकडे सरकवली.

सत्कारातलं माझं ते वाक्य मी पुन्हा कधी वापरलं नाही. संयम हा शब्द त्या माणसाला लागू नव्हता. त्याने कशावर विजय मिळवला नाही, काही त्यागही केला नाही. चालू असलेल्या यंत्राचा आवाज तो रोज ऐकत राहिला, आणि चुकला तेव्हा चूक दारावर लिहून ठेवली. एवढं करणारे लोक मी फार थोडे पाहिले आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणाचाही सत्कार त्यासाठी झालेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही परत निघालो. चाचा खिडकीशी टेकून यवतमाळपर्यंत झोपले. दिग्रस ते दारव्हा या टप्प्यात बस दोनदा थांबवावी लागली. दोन्ही वेळा मी उतरलो. पहिल्या ठिकाणी बाभूळही नव्हती.